गुप्तरोग, मोबाईलवरचे उपचार आणि आपली मंडळी




मी निवृत्त नर्स. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतली एक लग्न झालेली मुलगी घरी आली. अंगावरून जातं, जळजळ होते म्हणाली. "सिस्टर, मोबाईलवर जाहिरात बघून गोळ्या मागवल्या. चार दिवस बरं वाटलं, परत सुरू झालं." नवऱ्याला विचारलंस का, म्हटलं तर मान खाली.

अशा आजारावर ऑनलाइन सल्ला घेण्यात चूक काही नाही. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम काढले. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर बोलून औषध लिहून देऊ शकतात. सरकारची ई-संजीवनी सेवा तर मोफत आहे. दवाखान्याच्या बाकावर शेजारी आपलेच पाहुणे भेटतात अशा आपल्या बेळगावात ही मोठी सोय आहे.

पण डॉक्टर कोण आणि विक्रेता कोण, हे ओळखता आलं पाहिजे. नियमांप्रमाणे डॉक्टर आणि रुग्ण दोघांना एकमेकांची ओळख हवी. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. काही न विचारता 'हमखास गुण' म्हणून गोळ्या धाडणारा डॉक्टर नव्हे. गुप्तरोग बरा करतो अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

शिवाय काही गोष्टी फोनवर होतच नाहीत. अंगावरून जाणं दरवेळी गुप्तरोगच असतो असं नाही, त्यासाठी तपासणी लागते. सिफिलिसची जखम औषधाशिवायही भरून येते, माणूस निर्धास्त होतो आणि रोग आत राहतो. रक्त तपासूनच तो कळतो आणि त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचूनच घ्यावं लागतं. गरोदर बाईकडून तो बाळाला होऊ शकतो. परम्याचे जंतू तर कित्येक औषधांना दाद देईनासे झालेत. आणि नवरा-बायकोपैकी एकानेच औषध घेतलं, तर दुसऱ्याकडून पुन्हा लागण ठरलेलीच.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी, औषध आणि सल्ला मोफत मिळतो, गुप्तता पाळली जाते. एचआयव्ही आणि अशा आजारांच्या माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. हे आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जखमी माणसाला उतारशाळेत पोचवलं. फोनवरचा सल्ला ही वाटेवरची पट्टी समजा, पुढे नेणारं माणूस आपल्यातलंच हवं. आपण मात्र आधी पाप कुणाचं याचा हिशेब मांडतो, म्हणून आपली मुलं जाहिरातीकडे वळतात. पाळकसाहेबांना माझी विनंती आहे, विवाहपूर्व मार्गदर्शनात एक तास डॉक्टर किंवा नर्सला द्यावा.

त्या मुलीला आणि तिच्या नवऱ्याला मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. बाकावर दोघं शेजारी बसली, माझ्या दृष्टीने अर्धं काम तिथेच झालं.

– एक वाचक भगिनी, बेळगाव