टेम्परेचर कंट्रोल: घ्यावं की न घ्यावं?

सिगरेट सोडून व्हेप धरलं, त्याला आता दोन वर्षं होतील. (इथे लंडनमध्ये चालतं, भारतात 2019 पासून विक्री, आयात सगळंच बंद.) परवा एका मित्राने विचारलं, "टेम्परेचर कंट्रोलसाठी जादा पैसे मोजावेत का रे?" म्हटलं, मोजावेत, पण ते नेमकं काय करतं ते कळून.

साध्या वॉटेज मोडमध्ये यंत्र कॉइलला ठरलेली वीज देत राहतं, आतला कापूस सुकला तरी! मग घशात जळका ठसका बसतो. शिवाय ग्लिसरीन वगैरे अति तापून फॉर्माल्डिहाइडसारखी नको ती द्रव्यं तयार होतात. टेम्परेचर कंट्रोल अशा वेळी वीज आपोआप कमी करतं. हा फायदा खराच.

गंमत म्हणजे यात थर्मामीटर नसतोच! तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, त्यावरून तापमानाचा हिशोब. निकेलमध्ये ही वाढ भरपूर, स्टेनलेस स्टीलमध्ये थोडी, कॅन्थलमध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे कॅन्थलची कॉइल असेल तर पैसे पाण्यात. आणि गरम कॉइलवरच सुरुवातीचं रीडिंग घेतलंत, तर स्क्रीनवर 220 अंश दिसतात, प्रत्यक्षात तापमान त्याहून बरंच जास्त. मी दोन आठवडे हेच करत होतो... आणि स्वतःला इंजिनियर म्हणवतो!

असो. निकोटीनची सवय मात्र कुठल्याही तापमानाला तशीच राहते. माझी राहिलीच आहे.

बोलता बोलता कळलं, मित्राने आयुष्यात कधी सिगरेट ओढलेलीच नाही. मग उत्तर बदललं: बाबा रे, मुळात घेऊच नकोस.