कच्च्या पानावरची पंधरा मिनिटं

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे. मराठीतूनही लिहिता येतात. तरी घंटा वाजताच अनेकांचं पेन सुसाट सुटतं आणि तिसऱ्या पानावर पहिलाच मुद्दा नवे कपडे घालून परत येतो.

सुरुवातीची पंधरा मिनिटं आराखड्याला दिली, तर ही फजिती टळते.

मात्र ‘प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार’ हा शाळेत घोकलेला साचा म्हणजे आराखडा नव्हे. तो कुठल्याही विषयाला चढवता येतो, हाच त्याचा दोष. मराठवाड्याच्या दुष्काळावर लिहिताना आधी कमी पाऊस मांडायचा की उसाला जाणारं पाणी? या क्रमातच लेखकाची भूमिका ठरते. क्रम खटकला, तर कच्च्या पानावर बाण काढून मुद्दे खालीवर करता येतात. उत्तरपत्रिकेत नुसती खाडाखोड होते.