वरण-भातावर मॅरेथॉन?

रविवारी पहाटे भक्ती-शक्ती चौकातून किंवा दुर्गा टेकडीच्या पायथ्यापासून धावायला निघणाऱ्या आमच्या निगडीकर मंडळींत सध्या दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, अंडी-चिकन नसेल तर मॅरेथॉन विसरा, वरण-भातावर फार तर भजन होतं. दुसरा पंथ म्हणतो, मांस सोडा, अंडी सोडा, आता दूधसुद्धा सोडा, मग बघा अंग कसं हलकं होतं आणि पाय कसे आपोआप पळतात ते. दोन्हीकडे बहुतेक आयटीवाले, नाहीतर चाकण-तळवड्याच्या कंपन्यांतले इंजिनिअर. म्हणजे ऑफिसात डेटा दाखवल्याशिवाय एक आकडा मान्य न करणारी माणसं. ताटाचा विषय निघाला की मात्र डेटा गेला खड्ड्यात, उरते ती नुसती श्रद्धा!

मला या दोन्ही पंथांशी भांडायचं आहे. पहिल्याशी थोडं, दुसऱ्याशी जास्त. कारण पहिल्या पंथाच्या गप्पा ऐकून कुणी फारसं आजारी पडत नाही. दुसऱ्याच्या गप्पा ऐकून पडतंय.

आधी पहिल्यांचा समाचार. स्कॉट जुरेक नावाचा अमेरिकन धावपटू १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत जिंकला. शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर, तेही डोंगरातून. हा माणूस त्या काळात पूर्ण व्हेगन होता. फौजा सिंग शाकाहारी होते, डाळ-फुलका आणि दूध-दह्यावर राहायचे, आणि २०११ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. (जन्मदाखला नव्हता म्हणून गिनीजने नोंद केली नाही, पण अंतर काही कमी झालं नाही.) केनियाच्या अव्वल धावपटूंच्या आहाराचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्या खाण्यातला ८६ टक्के भाग वनस्पतीजन्य निघाला. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भाज्या, घेवडा, दुधाचा चहा, आणि अधूनमधून थोडं मांस. तेव्हा "चिकनशिवाय पळता येत नाही" हे विधान इथेच निकालात निघालं. पुढे चला.

आता दुसरे. यांची आवडती दोन उदाहरणं आहेत. एक बाहेरचं, एक घरचं.

बाहेरचं म्हणजे 'द गेम चेंजर्स' हा माहितीपट. २०१९ पासून आमच्या ओळखीतल्या निम्म्या व्हेगन लोकांचं धर्मांतर तिथेच झालं. जुरेकही त्यात आहे. माहितीपट चटपटीत आहे, वाद नाही. पण त्याच्या निर्मात्यांत जेम्स कॅमरून आहे, आणि त्याच सुमारास कॅमरून दांपत्याचा वाटाण्याच्या प्रोटीनचा धंदाही होता, हे कुणी सांगत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जो जिंकतो त्याच्यावर माहितीपट निघतो. त्याच आहारावर थकून ज्यांनी पळणं सोडलं, त्यांच्याकडे कॅमेरा जात नाही. आपल्या धंद्यात "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्या डेव्हलपरला आपण काय म्हणतो? तेच इथेही म्हणायचं. :)

घरचं उदाहरण जास्त नाजूक आहे. दरवर्षी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी निगडीवरून आकुर्डीला मुक्कामाला जाते. तो दिवस आला की ग्रुपवर मेसेज येतोच: "वारकरी शुद्ध शाकाहारी, आणि अडीचशे किलोमीटर चालतात. तुम्हाला म्हणे प्रोटीन पावडर लागते!" वारकऱ्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण हिशोब तरी नीट करा. अडीचशे किलोमीटर सुमारे अठरा दिवसांत, म्हणजे दिवसाला चौदाच्या आसपास. तेही चालत, विसावे घेत, गावोगावी पंगती जेवत. याची तुलना पाच तासांत ४२.१९५ किलोमीटर पळण्याशी, आणि त्यासाठी चार-पाच महिने आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर मारण्याशी कशी करता? शिवाय वारीला कुणी तब्येत कमवायला जात नाही. भक्तीचा उपयोग आहाराच्या जाहिरातीसाठी करू नका, एवढंच.

असो. आता खऱ्या मुद्द्यावर येतो. वनस्पतीजन्य आहारावर मॅरेथॉन पळता येते, शंभर टक्के येते. पण आपण घरात जो जेवतो तो सवयीचा शाकाहार म्हणजे तो आहार नव्हे. या दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे सगळा घोळ झालाय.

पुरावा लांबचा नाही, पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे एकूण ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी. आणि सगळ्यात वाईट गट कुठला असेल? शहरी मध्यमवर्ग, ८१ टक्के! म्हणजे फ्लॅट, फ्रिज, गाडी, मेडिक्लेम सगळं असलेले तुम्ही-आम्ही. शाकाहाऱ्यांत बी-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला.

आता हे बी-१२ आहे काय? ते ना झाड बनवतं ना प्राणी, ते बनवतात जिवाणू. प्राण्यांमार्फत ते मांस, अंडी, दुधात येतं. वनस्पतीत भरवशाचं असं मिळत नाही. "आम्ही आंबवलेलं खातो, इडली-आंबोळीत असतं", याचा भरवसा नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, पण शरीराला न चालणारं. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमहून थोडी जास्त. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण ०.४ ते ०.५. आता तुमच्या दोन कप चहात दूध किती जातं ते मोजा, आणि "आम्ही दूध घेतो की" हे वाक्य परत म्हणून बघा.

आणि इथेच फसगत होते. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरू शकतो. म्हणून व्हेगन झाल्यावर सहा महिने झकास वाटलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तुम्ही जुन्या बॅलन्सवर जगताय. आणि आपल्याकडच्या शाकाहाऱ्याचा बॅलन्स मुळातच कमी असतो, कारण पिढ्यान् पिढ्या खात्यात भरणा बेताचाच.

पुढचं तर कुठल्याही इंजिनिअरला आवडेल असं आहे. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात. बी-१२ कमी पडलं की मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी आकार येतो नॉर्मल! दोन बग एकमेकांना झाकतात आणि टेस्ट पास. वर डाळी-पालेभाज्यांतून फोलेट भरपूर येत असेल तर बी-१२ चा अ‍ॅनिमिया दिसतही नाही, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा. आणि आपण म्हणतो, "रिलीजचा ताण असेल."

लोहाचंही तसंच. आपल्या देशातल्या शिफारशींप्रमाणे (२०२०) बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं आणि पुरुषाला १९. अमेरिकेत हेच आकडे १८ आणि ८ आहेत. भारतीय बायका काही वेगळ्या नाहीत. आपल्या पोळी-भात-डाळीतलं लोह शरीरात फार कमी शोषलं जातं, म्हणून आकडा चढवावा लागतो. वर जेवणानंतर लगेच चहा, तो उरलंसुरलं अडवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या. त्यात पळणाऱ्याचा जादा खर्च: घाम, पाय आपटून फुटणाऱ्या पेशी, आणि पळून आल्यावर काही तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढून लोहाचं दार अर्धवट लावून घेतं. आणि आपण नेमकं तेव्हा काय करतो? पोहे आणि कटिंग!

प्रोटीनचा ढोबळ हिशोब करू. लांब पल्ल्याच्या धावपटूला किलोमागे किमान १.२ ते १.६ ग्रॅम लागतं. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, भात, रात्री तेच थोडं कमी, मध्ये दोन चहा. ओढूनताणून पन्नाशीच्या आत-बाहेर. आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे दाणे सोडले तर शुद्ध स्टार्च.

आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे. वय अठ्ठावीस, घरचा शाकाहार, त्यावर दोन वर्षं व्हेगन. दोन हाफ मॅरेथॉन झालेल्या, पूर्ण मॅरेथॉनची तयारी चालू. हळूहळू वेग कमी व्हायला लागला. ऑफिसचे दोन जिने चढून धाप लागायला लागली, केस गळायला लागले. ग्रुपवर सल्ले काय आले? "मेंटल ब्लॉक आहे." "मन खंबीर ठेव." "डिटॉक्स होतंय, शरीर स्वच्छ होतंय." एका महाभागाने तर पाळी चुकतेय हे फिटनेसचं लक्षण म्हणून सांगितलं! शेवटी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला तेव्हा ती डॉक्टरकडे गेली. फेरिटिन ६. बी-१२ तळाला. आणि जेवढं पळत होती त्या मानाने खाणं फारच कमी. या प्रकाराला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली रेड-एस असं नाव दिलंय: पळण्यात इतकी ऊर्जा जाते की हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती यांच्या वाट्याला काही उरत नाही. भाज्या-सॅलडने पोट लवकर भरतं, त्यामुळे कमी खाल्लंय हे कळतही नाही.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोह, बी-१२, आणि दुप्पट जेवण. आठ महिन्यांनी ती परत पळायला लागली. आणि हो, अजूनही व्हेगनच आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण दोष वनस्पतींचा नव्हताच. दोष "निसर्ग सगळं देतो, गोळ्या कशाला" या अडाणी अभिमानाचा होता.

हा अभिमान येतो कुठून? माझ्या मते "शुद्ध" या शब्दातून. आपण शाकाहाराला आहार म्हणून बघतच नाही, पुण्य म्हणून बघतो. सोसायटीत भाडेकरू ठेवताना हाच शब्द, हॉटेलच्या पाटीवर हाच, आणि आता रनिंग ग्रुपमध्येही हाच. पुण्याला ब्लड टेस्ट लागत नाही. जे शुद्धच आहे त्यात कमतरता असेल कशी? म्हणून बी-१२ ची गोळी घेणं म्हणजे हार वाटते. जोड्यांवर दहा-बारा हजार, घड्याळावर वीस-तीस हजार खर्च करणारा माणूस स्वस्तातली गोळी घेताना तत्त्वज्ञान सांगतो!

यावर ठरलेला प्रश्न येतोच: "आमचे आजोबा कुठे बी-१२ तपासत होते?" नव्हते तपासत. म्हणूनच कुणाला काही कळलं नाही. आजीला सतत थकवा यायचा, पायाला मुंग्या यायच्या, त्याला आपण "वय झालं" म्हणत होतो. आणि आजोबा दहा तास खुर्चीत बसून शनिवारी बत्तीस किलोमीटर पळत नव्हते.

वनस्पतीजन्य आहाराचे फायदे मी नाकारत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या ऑक्सफर्ड पाहणीत २०१९ साली शाकाहाऱ्यांत हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच पाहणीत २०२० साली व्हेगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्तही दिसलं. दोन्ही आकडे एकाच पाहणीतले आहेत. एक फॉरवर्ड करायचा आणि दुसरा डिलीट करायचा, हे चालणार नाही.

मग करायचं काय? वाटीभर पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ आणि रोज एक उसळ. पन्नास ग्रॅम सोया चंक्समध्ये पंचवीस ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, मूठभर दाण्यांत सात-आठ. कॅल्शियमला नाचणीची भाकरी, तीळ. जेवणावर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या. व्हेगन असाल तर बी-१२ ची गोळी हा पर्याय नाही, तो आहाराचाच भाग आहे. दुधाच्या दोन घोटांवर जगणारे शाकाहारी असाल तर तपासून घ्या. सीझन सुरू होण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२, वर्षातून एकदा. लोह मात्र तपासल्याशिवाय मनाने सुरू करू नका, जास्त झालं तर तेही घातक.

आणि ग्रुप चालवणाऱ्यांना एक जाहीर मागणी. टी-शर्टचा रंग ठरवायला तुम्ही तीन-तीन दिवस चर्चा करता. त्याऐवजी नव्या मेंबरला "शेवटचा रिपोर्ट कधीचा?" एवढं विचारा. तो चिकन खातो की टोफू, ही त्याची खाजगी बाब आहे. त्याचं फेरिटिन ६ असताना त्याला बत्तीस किलोमीटर पळवणं ही तुमची जबाबदारी आहे.

बघा पटतंय का. नसेल पटत तर भांडायला अवश्य या, पण येताना रिपोर्ट घेऊन या.