डहाणूकर आडवे येत नाहीत



‘डहाणूकर प्रत्येक प्रकल्पाला आडवे येतात’ हा पत्रलेखकाचा आक्षेप खरा नाही. ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र इथे उभे राहिलेच. स्थानिकांनी चिमणीतला गंधकवायू समुद्राच्या पाण्याने धुणारे संयंत्र मागितले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाने १९९९मध्ये ते बसवायला सांगितले, बसले २००७मध्ये. तोवर पाठपुरावा स्थानिकांनीच केला. कारण इथल्या बागांतल्या चिकूला फूल आणि फळ एकाच वेळी असते, त्यामुळे धूर सोसायचा नाही असा त्याचा एकही हंगाम नाही.

धूर फक्त चिमणीचाच नसतो. शेजारच्या तलासरीच्या पाड्यांवर आजही अनेक घरांत ओले सरपण फुंकत नाचणीची भाकरी भाजली जाते, कारण सिलिंडर परवडत नाही. त्या धुराबद्दलही पत्रलेखकाने लिहावे.

– एक वाचक, डहाणू