गॅसच्या दराची सुनावणी कुठे होते?

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. पहिल्या तासाला माझ्या वर्गातली निम्मी बाके रिकामी होती. उर्दूचा तास होता, हजेरी घेता घेता मी विचारले, "बाकी सगळे कुठे?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "टीचर, रिक्षाच नाही." साडेनऊच्या सुमारास एका मुलाचे वडील त्याला सोडायला आले. स्वतः रिक्षाच चालवतात. डोळे लाल. रात्री दोन वाजता सीएनजीच्या रांगेत उभे राहिले होते, सकाळी पंपावर प्रेशर नाही म्हणून परत पाठवले. मुलाला घेऊन चालत आले होते.

झाले होते असे की, आदल्या दिवशी ट्रॉम्ब्याला आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य गॅसवाहिनीचे नुकसान झाले. त्यामुळे वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला येणारा गॅस घटला, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले सीएनजी पंप एकामागोमाग बंद पडत गेले. घरगुती पाइप गॅसला प्राधान्य दिले म्हणून आपल्या शेगड्या चालू राहिल्या. मंगळवारी पुरवठा पूर्ववत होऊ लागला. वर्तमानपत्रांनी रांगांचे फोटो छापले आणि विषय संपला.

माझ्यासाठी तो संपला नाही. ट्रॉम्ब्यात एका ठिकाणी पाइपला इजा होते आणि मीरा रोडच्या शाळेत हजेरी निम्म्यावर येते, ही व्यवस्था कोणी उभी केली, तिच्यावर देखरेख कोणाची, आणि तिच्यात पैसा कुठे घालायचा हे ठरवताना आपल्याला कोणी विचारले का? शोधत गेले तेव्हा जे हाती लागले ते इथे लिहीत आहे. मी भाषा शिकवते, इंजिनियर नाही. पण बिल मीही भरते.

आधी विजेकडे बघा, म्हणजे फरक कळेल. मीरा-भाईंदरमध्ये वीज पूर्वी बीएसईएसची, मग रिलायन्सची, २०१८ पासून अदानीची. टाटा पॉवरचा परवानाही आपल्या भागाला लागू आहे, म्हणजे ग्राहकाला निदान दुसरे दार आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर वाढवायचा असेल तर कंपनीला महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात येते, कोणीही हरकत नोंदवू शकतो, सुनावणी होते आणि आयोग कारणे देऊन आदेश काढतो. वीज स्वस्त आहे असे मी म्हणत नाही, कृपया तसे वाचू नका. पण भांडायला एक दार आहे आणि त्या दारावर पाटी आहे.

आता त्याच स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या भिंतीकडे वळा, जिथे गॅसचे मीटर आहे. मीरा-भाईंदरला पाइप गॅस आणि सीएनजी देते महानगर गॅस. १९९५ साली स्थापन झालेली कंपनी. सर्वात मोठा भागधारक गेल, साडेबत्तीस टक्के. दहा टक्के महाराष्ट्र शासनाचे. आपल्याकडे दुसरी कंपनी नाही. या क्षेत्रावर नियामक आहे का? आहे. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ स्थापन झाले, दिल्लीला त्याचे कार्यालय आहे. मग ते आपल्या गॅसचा दर ठरवते का? नाही. ठरवूच शकत नाही.

२०१२ साली या मंडळाने दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसला सांगितले होते की तुमचे नेटवर्कचे शुल्क आणि सीएनजी दाबण्याचे शुल्क जास्त आहे, कमी करा. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. १ जुलै २०१५ ला तिथेही निकाल मंडळाच्या विरुद्ध लागला. शहरातल्या गॅस नेटवर्कचे असे शुल्क ठरवण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिलेलाच नाही, असे न्यायालय म्हणाले. न्यायालयाला मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे कायद्यात जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले. दोष लिहिणाऱ्यांचा आणि निकालानंतर इतक्या वर्षांत ते वाक्य न सुधारणाऱ्यांचा आहे. संसदेत या काळात किती कायदे एका दुपारी मंजूर झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

कायद्यात एक वाट मात्र आहे. नेटवर्क 'सर्वांसाठी खुले' जाहीर झाले, म्हणजे त्या पाइपमधून दुसऱ्या विक्रेत्यालाही ठरलेले भाडे भरून गॅस नेता आला, की ते भाडे मंडळ ठरवू शकते. कंपन्यांना सुरुवातीला काही वर्षे एकट्याने विक्री करण्याची मुभा असते, कारण रस्ते खोदून पाइप टाकायला पैसा लागतो आणि तो वसूल व्हायला हवा. हे मला मान्य आहे. पण मुंबई-ठाण्यातली ती विक्रीची मुदत दशकभरापूर्वीच संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये मंडळाने नेटवर्क खुले करण्याचे नियम आणले, तर शहर-गॅस कंपन्यांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिले. आजही माझ्या बिलावर एकाच कंपनीचे नाव आहे.

इथे कंपनीची बाजू घेणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली, एका गल्लीत दोन पाइप टाकणे मूर्खपणाचे आहे. बरोबर आहे, दोन पाइप कोणीच मागत नाही. एसटी स्टँड एक असतो, त्यावर गाड्या वेगवेगळ्या आगारांच्या लागतात. दुसरी गोष्ट ते सांगतात की दर कमीही झाले आहेत. तेही खरे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशी गॅसच्या किमतीचे सूत्र बदलले, कच्च्या तेलाच्या दहा टक्के आणि वर साडेसहा डॉलरचे झाकण. लगेच मुंबईत सीएनजी किलोमागे ८ रुपयांनी आणि घरगुती गॅस ५ रुपयांनी उतरला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये राज्याने व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला होता, त्याचे श्रेय राज्याला दिलेच पाहिजे. पुढे २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केंद्राने शहर-गॅस कंपन्यांचा स्वस्त देशी गॅस दोनदा कापला आणि नोव्हेंबरात, निवडणुकीचे मतदान उरकताच, सीएनजी २ रुपयांनी वाढला. उतरला तेव्हाही कोणी विचारले नाही, चढला तेव्हाही नाही. मूळ गॅस कितीचा, वाहतूक किती, कर किती आणि कंपनीचा नफा किती, हे वेगवेगळे मांडून कोणी ग्राहकासमोर उभा राहिला नाही. माझी तक्रार भावाबद्दल नंतर आहे, आधी या न विचारण्याबद्दल आहे.

आणि ते दहा टक्के? शासन त्या कंपनीचे मालक आहे, लाभांश घेते. मग लाभांश घेणाऱ्या मालकाने विचारायला नको का, की वडाळ्याच्या त्या एका गेटवर इतके पंप का अवलंबून आहेत? दुसऱ्या बाजूने पुरवठा फिरवता येईल अशी जोडणी किती आहे आणि कधी पुरी होणार?

आता दाभोळ. अम्मीचे माहेर दाभोळच्या खाडीकाठी, त्यामुळे एन्रॉन हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचण्याआधी घरात ऐकला. वीज मंडळाचा एन्रॉनशी करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये, स्पर्धात्मक निविदा न काढता, डॉलरशी बांधलेला. वेलदूरच्या कोळणी रस्त्यावर उतरल्या, १९९७ मध्ये पोलिसांनी त्यांना घरात घुसून मारले. राज्याचा वीज नियामक आयोग आला १९९९ मध्ये, म्हणजे करार झाल्यावर सहा वर्षांनी, आणि त्याच वर्षी प्रकल्पाची वीज सुरू झाली. दोन वर्षांत, २००१ मध्ये, प्रकल्प बंद. वीज इतकी महाग की मंडळाला पैसे देता येईनात. त्याच वर्षाच्या शेवटी एन्रॉनच दिवाळखोर झाली. अर्धवट राहिलेल्या गॅसच्या टर्मिनलला पहिले जहाज लागले २०१३ मध्ये. पुढे कित्येक वर्षे समुद्राच्या लाटा अडवणारा बंधारा अपुरा, म्हणून पावसाळ्यात जहाजे नाहीत. त्याच दाभोळहून बंगळुरूपर्यंत पाइप गेला. मामीच्या घरी मात्र अजून सिलिंडर आहे आणि नंबर लावून मिळतो.

आधी पैसा आणि मग नियामक, या क्रमाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. गॅसच्या बाबतीत आपण तोच क्रम पुन्हा गिरवतो आहोत. २०३० पर्यंत देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा १५ टक्के करायचा हे सरकारचे उद्दिष्ट आहे, आज तो त्याच्या निम्म्यालाही पोचलेला नाही. म्हणजे अजून पाइप, अजून टर्मिनले, अजून करार होणार. ते ज्याच्या खात्यातून वसूल होणार त्या ग्राहकासाठी दार आताच बसवायला हवे.

स्टाफरूममध्ये मी हे बोलले तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्या इराणला सांगा ना गॅस पाठवायला." चेष्टा होती, मी चहा पीत राहिले. पण उत्तर राहून गेले, ते इथे देते. इराण माझा नाही, पण इराणचा गॅस भारताला हवा होता. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीवर आपल्या सरकारने वर्षानुवर्षे वाटाघाटी केल्या, मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना तिने जोर धरला, आणि किंमत व सुरक्षेची कारणे देत २००९ पर्यंत आपण बाहेर पडलो. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे फाजिल्कापर्यंत येणाऱ्या सुमारे १,८०० किलोमीटरच्या 'तापी' वाहिनीचा करार २०१० मध्ये झाला, २०१५ मध्ये कुदळ मारली, गॅस अजून यायचा आहे. म्यानमारचा गॅस बांगलादेशमार्गे आणायचे २००५ मध्ये ठरत होते. ढाक्याने बदल्यात नेपाळ-भूतानशी वीज आणि व्यापाराची वाट मागितली, दिल्लीला ते जोडणे पटले नाही. ज्या साठ्यात आपल्याच ओएनजीसी विदेश आणि गेल यांचा हिस्सा होता, तो गॅस २०१३ पासून पाइपने चीनला जातो. यात पाकिस्तान कुठे होता?

पाकिस्तानशी पाइप जोडणे आज शक्य आहे असे सांगण्याइतकी मी भाबडी नाही. उर्दू मालिकांमधल्या बायका 'सुई गॅस'च्या नावाने रडतात ते मी ऐकते, त्यांचे स्वतःचेच साठे आटत चालले आहेत. पण शेजाऱ्यांशी समान नियमांवर बसणे हे पाइपच्या आधी करायचे काम असते. बोस्नियाचे उदाहरण घ्या. १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात काय झाले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यानंतर दहा वर्षांनी, ऑक्टोबर २००५ मध्ये, अथेन्सला सर्बिया, क्रोएशिया आणि बोस्निया यांनी युरोपीय संघाबरोबर एकाच ऊर्जा करारावर सह्या केल्या. वीज आणि गॅस दोन्हींसाठी स्वतंत्र नियामक, खुल्या वाहिन्या, समान नियम. जखमा भरल्या होत्या म्हणून नव्हे. गुंतवणूक हवी होती आणि थंडी सगळ्यांनाच वाजते. याने सगळे सुटले असेही नाही. जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेनच्या भांडणात गॅस तुटला तेव्हा सारायेवो गारठलेच, कारण त्यांच्याकडेही पाइप एकच होता. नियम आणि दुसरा पाइप, दोन्ही लागतात.

आपल्याकडे सार्कने नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत ऊर्जा सहकार्याचा करार केला, तो फक्त विजेपुरता. पुढची परिषद २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर ती झालीच नाही. त्यानंतर नेपाळशी २०१९ मध्ये मोतिहारीहून पेट्रोलियमचा पाइप जोडला, २०२३ मध्ये बांगलादेशशी डिझेलचा. म्हणजे मनात आले की होते. दरम्यान आपला निम्मा गॅस जहाजाने येतो, त्यातला मोठा भाग कतारचा, आणि तो होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटले आणि ती वाट बंद करण्याची भाषा तेहरानच्या संसदेत झाली, तेव्हा आपल्या गल्लीतले काही जण व्हॉट्सअॅपवर टाळ्या वाजवत होते आणि काही शिव्या देत होते. दोन्ही गटांची शेगडी त्याच वाटेवर होती.

आपल्या लोकांशीही एक बोलायचे आहे. दर वाढला की नयानगरच्या नाक्यावर चर्चा थेट वॉशिंग्टनपर्यंत जाते. वडाळ्याच्या गेटचे नाव कोणी घेत नाही. विजेच्या सुनावणीची जाहिरात येते तेव्हा हरकत नोंदवायला आपल्यापैकी किती जण जातात? मीही गेले नव्हते.

म्हणून आता पत्र लिहिले आहे. एक प्रत आमदारांना, एक खासदारांना, एक दिल्लीच्या नियामक मंडळाला. मराठीत आणि इंग्रजीत, दहावीच्या दोन मुलींनी टाइप करायला मदत केली. तीन गोष्टी विचारल्या आहेत: २००६ च्या कायद्यात दर तपासण्याचा अधिकार घालणारी दुरुस्ती कधी मांडणार, मुंबई-ठाण्याचे नेटवर्क खुले करण्याचे काम कुठवर आले, आणि नोव्हेंबरच्या त्या दोन दिवसांचा चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवणार का. रजिस्टर पोस्टाची पावती माझ्याकडे आहे. ज्यांना पत्राचा मसुदा हवा असेल त्यांनी कळवावे, आपल्या सोसायटीचे नाव घालून पाठवता येईल. उत्तर आले की ते इथेच टाकेन, नाही आले तर तेही.