पंचेचाळीस दिवसांचा नियम : हक्क कागदावर, थकबाकी खात्यावर

नवी दिल्ली : लघुउद्योजकाने माल पोहोचवून बीजक दिले, की त्यावरील वस्तू व सेवा कराचा भरणा सामान्यतः पुढच्याच महिन्यात करावा लागतो. त्या मालाचे पैसे मात्र अनेक व्यवसायांत तीन-चार महिन्यांनी हाती येतात. मधल्या काळात कामगारांचे पगार, वीजबिल आणि कच्च्या मालाची खरेदी कर्ज काढून भागवावी लागते. मोठ्या खरेदीदाराचा व्यवहार अशा रीतीने लहान पुरवठादाराच्या भांडवलावर चालतो.

यावरील कायदा जुना आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. डिसेंबर २०२५ मध्ये ठरलेल्या ५.५ टक्के बँक दराप्रमाणे हे व्याज १६.५ टक्के होते. दाद मागण्यासाठी राज्यांमध्ये सुविधा परिषदा आहेत. परिषदेचा निर्णय रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला आदेशित रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

तरतूद इतकी कडक असूनही तिचा वापर करणे पुरवठादाराला जड जाते. ज्याच्याकडून वर्षातील निम्मे काम मिळते, त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे पुढच्या मागणीवर पाणी सोडण्यासारखे असते. त्यामुळे बहुतेकदा नाते संपल्यानंतरच हा हक्क बजावला जातो.

ही अडचण ओळखून केंद्र सरकारने २०२३ च्या वित्त अधिनियमाद्वारे प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ब (ह) समाविष्ट केले. मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष रक्कम चुकती केली त्याच वर्षी वजा मिळतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही तरतूद लागू झाली. येथे पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही. लेखापरीक्षणातच थकबाकी उघड होते.

मात्र या दट्ट्याचा जोर वर्षअखेरपुरता आहे. मे महिन्यात घेतलेल्या मालाचे पैसे फेब्रुवारीत दिले, तरी खर्च त्याच आर्थिक वर्षात वजा होतो आणि खरेदीदाराचे कराच्या बाबतीत काहीच बिघडत नाही. ३१ मार्चला शिल्लक राहिलेली जुनी थकबाकीच अडचणीची ठरते. म्हणजे उरलेले अकरा महिने पुरवठादार बहुतांशी पूर्वीच्याच स्थितीत राहतो.

दुसरा परिणाम २०२४ च्या सुरुवातीला सुरतच्या कापड बाजारात दिसला. दीर्घ उधारीवर चालणाऱ्या या व्यापारात बाहेरगावचे खरेदीदार मागणी रोखत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि व्यापारी संघटनांनी नियम लांबणीवर टाकण्याची मागणी केली. ही तरतूद मध्यम उद्योगांना तसेच निव्वळ व्यापार करणाऱ्यांना लागू होत नाही. साहजिकच, नोंदणीकृत लघुउद्योगाऐवजी मध्यम उद्योगाकडून किंवा नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून माल घेण्याचा मोह खरेदीदाराला होऊ शकतो. संरक्षण देणारी नोंदणीच अशा वेळी गैरसोयीची ठरते.

१ एप्रिल २०२५ पासून उद्योगांच्या व्याख्याही बदलल्या. लघुउद्योगासाठी उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी रुपये, तर गुंतवणुकीची मर्यादा १० कोटींवरून २५ कोटी रुपये झाली. संरक्षणाचे छत्र विस्तारले. परंतु ८० कोटींची उलाढाल असलेला कारखाना आणि २० लाखांचे काम करणारी कार्यशाळा आता एकाच नियमाखाली आहेत. या दोघांची वाटाघाटीची ताकद समान नाही.

तुलनेने अधिक आश्वासक मार्ग ‘ट्रेड्स’ या मंचाचा आहे. खरेदीदाराने स्वीकारलेल्या देयकावर बँका व वित्तसंस्था बोली लावतात, पुरवठादाराला सवलत वजा जाता रक्कम लगेच मिळते आणि नंतरची वसुली खरेदीदाराकडून होते. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना येथे नोंदणी करण्यासाठी ३१ मार्च २०२५ ची मुदत देण्यात आली होती; पूर्वी ही मर्यादा ५०० कोटींची होती. तथापि, नोंदणी झाली म्हणजे देयक स्वीकारले जातेच असे नाही. खरेदीदाराने मंचावर मान्यता दिल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही.

धोरणातील विसंगतीही दूर व्हायला हवी. एक कायदा ४५ दिवसांची मर्यादा घालतो, तर वस्तू व सेवा कर कायदा खरेदीदाराला कराची वजावट आधी घेऊन पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांपर्यंत देण्याची मुभा देतो. ही मुदत ४५ दिवसांशी जोडली आणि देयक ठरावीक दिवसांत नाकारले नाही तर ते मान्य समजले गेले, तर दबाव बाराही महिने राहील. तोपर्यंत उद्योजकाला हक्क आणि ग्राहक यांपैकी एकाची निवड करावी लागेल, आणि पोट ज्यावर चालते तो ग्राहकच तो निवडेल.