पानगळीतला किनारा

ऑक्टोबर लागला की आमच्या घरात सगळ्यांचे लक्ष स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावलेल्या मशिदीच्या वेळापत्रकाकडे जाते. डंडी हे आमचे शहर साधारण साडेछप्पन अंश उत्तर अक्षांशावर आहे. या दिवसांत दिवस रोज चार-साडेचार मिनिटांनी लहान होतो. आज मगरिब सहाला असली तर पुढच्या आठवड्यात ती पावणेसहाच्याही आधी येते. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकार घड्याळ एक तास मागे घेते. मग शनिवारी पावणेसहाच्या सुमारास असलेली मगरिब रविवारी पावणेपाचच्या आतच येते. मुले साडेतीनला शाळेतून घरी पोहोचतात, बूट काढून काहीतरी खाईपर्यंत बाहेर अंधार. डिसेंबरात तर सूर्य साडेतीनच्या सुमारासच मावळतो.

जुलैपासून अम्मी आमच्याकडे आहेत. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात वर्षभरात मगरिबची वेळ तास-सव्वा तास इकडेतिकडे होते, एवढीच त्यांना सवय. त्या आल्या तेव्हा इथे रात्री दहा वाजेपर्यंत उजेड होता आणि इशासाठी जागत बसावे लागे. आता त्याच अम्मी म्हणतात, "जोहरची जानमाज उचलावी तर असरची वेळ झालेली असते." आपण कोकणी लोक शाफई, त्यामुळे आपली असर आधीच लवकर. इथल्या मशिदीत बहुतेक नमाजी हनफी, त्यांची असर थोडी उशिरा. वेळापत्रकात असरच्या दोन्ही वेळा छापतात, हे अम्मींना फार आवडले. "भांडण नाही, दोन ओळी छापल्या की झाले," असे त्या फोनवर गावाकडे सांगत होत्या.

ऑक्टोबरात शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते. जुनी माणसे तिला अजून 'टॅटी हॉलिडेज' म्हणतात. टॅटी म्हणजे बटाटा. पूर्वी याच दिवसांत शेतातले बटाटे काढायला मुलांचे हात लागत, म्हणून शाळा बंद ठेवीत. आता बटाटे यंत्र काढते, सुट्टी मात्र राहिली. आम्ही ठरवले की या सुट्टीत आणि पुढच्या शनिवारी-रविवारी अंधार पडण्याआधी जेवढा किनारा अम्मींना दाखवता येईल तेवढा दाखवायचा. त्यांचा व्हिसा सहा महिन्यांचा आहे. जानेवारीत त्यांना परत जायचे आहे, आणि अब्बांच्या पश्चात गावच्या घरी त्या एकट्याच असतात. हा विषय घरात कोणी काढत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात आहे.

पहिली फेरी आर्ब्रोथची, डंडीपासून मोटारीने अर्ध्या तासावर. बंदराजवळच्या गल्ल्यांत धुराचा वास येतो आणि तो वास ओळखीचा वाटतो. इथला 'आर्ब्रोथ स्मोकी' प्रसिद्ध आहे. हॅडॉक नावाचा मासा साफ करून, मीठ लावून, दोन-दोन मासे शेपटीकडे सुतळीने बांधतात आणि काठीवर टांगून लाकडाच्या विस्तवावर, वरून झाकण घालून धुरावतात. ही पद्धत मूळची जवळच्या ऑकमिथी या कड्यावरच्या कोळीवाड्याची. २००४ पासून या नावाला युरोपात कायद्याचे संरक्षण मिळाले, म्हणजे आर्ब्रोथच्या आसपास केलेल्या माशालाच ते नाव लावता येते. आपल्या हापूसला जसे मानांकन आहे तसेच. अम्मी दुकानाच्या दारात उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्याकडे ऊन आहे म्हणून बोंबील उन्हात. यांच्याकडे ऊन नाही म्हणून धुरात." यापेक्षा चांगले स्पष्टीकरण आम्हाला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाले नाही. गरम स्मोकी हाताने सोलून तिथेच बाकावर बसून खाल्ला. घरी नेलेल्या दोन माशांचे अम्मींनी दुसऱ्या दिवशी कांदा, ओली मिरची आणि कोकम घालून जे केले, ते मात्र इथल्या कोणी खाल्ले नसेल.

इकडे येणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. मासा हलाल म्हणून 'फिश अँड चिप्स'च्या दुकानात डोळे मिटून शिरू नये. स्कॉटलंडमध्ये बरीच दुकाने अजून गाईच्या चरबीत तळतात आणि ती चरबी जबिहा जनावराची नसते. काही ठिकाणी माशावरच्या पिठात बिअर घालतात. "कशात तळता?" एवढे विचारले की दुकानदार सरळ सांगतो, त्याला राग येत नाही. तेलात तळणारी दुकानेही आहेत.

आर्ब्रोथच्या किनाऱ्यावरून अंधार पडला की समुद्रात दूर एक दिवा लुकलुकताना दिसतो. तो बेल रॉकचा दीपस्तंभ. किनाऱ्यापासून सुमारे अठरा किलोमीटरवर एक खडक आहे, जो भरतीला पूर्ण पाण्याखाली जातो. ओहोटीच्या काही तासांतच काम करता येई, अशा जागी १८०७ ते १८१० या काळात रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो बांधला गेला आणि फेब्रुवारी १८११ मध्ये पहिल्यांदा उजळला. दोनशे वर्षांवर लाटा खात तो उभा आहे. आता तिथे माणूस राहत नाही, १९८८ पासून दिवा आपोआप चालतो. धाकट्याने विचारले, "मग तिथे नमाजला अजान कोण देतो?" अम्मी हसल्या. "तिथे राहणारेच कोणी नाही, तर अजान कोणासाठी?"

त्यांच्या हसण्यामागे थोडे वेगळे कारण होते. अब्बा मुंबईच्या बोटींवर खलाशी होते. त्या काळी आमच्या भागातल्या घरोघरचे पुरुष बोटीवर, कोणी खलाशी, कोणी टिंडेल, कोणी सारंग. दीपस्तंभ दिसला म्हणजे घर जवळ आले, असे अब्बा सांगत. ते दीपस्तंभ अम्मींनी कधी पाहिले नव्हते, ते अब्बांच्या तोंडूनच ऐकलेले.

मग माँट्रोज. इथे खाडीचे मोठे गोल पात्र आहे, भरतीला भरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. सप्टेंबरच्या मध्यापासून आइसलंड आणि ग्रीनलंडहून गुलाबी पायांचे जंगली हंस इथे उतरतात. ऑक्टोबरात त्यांची संख्या हजारोंनी मोजतात, काही वर्षी ती पन्नास हजारांच्याही वर जाते. दिवसभर ते आसपासच्या शेतांत कापणीनंतर पडलेले जवाचे दाणे आणि बटाट्याचे तुकडे वेचतात आणि संध्याकाळी रात्र काढायला खाडीत परततात. आम्ही मुद्दाम सूर्यास्ताला गेलो. गाडी उभी करून गवतावर चादर टाकली आणि मगरिब तिथेच पढली. सलाम फिरवला तेव्हा आवाज सुरू झाला. आधी नुसता कलकलाट, दिसत काही नाही. मग पश्चिमेच्या लाल उजेडावर एक रेघ, दुसरी, मग इतक्या रेघा की मुलांनी मोजणे सोडून दिले. सूरह मुल्कमधली पक्ष्यांची आयत मोठीला पाठ आहे. तिने ती हळूच म्हटली. कोणी सांगितले नव्हते.

अम्मींनी विचारले, "थंडी संपली की जातात का?" हो, एप्रिलच्या आसपास परत उत्तरेला. "मग बरे आहे," म्हणाल्या, आणि शाल घट्ट करून गाडीत जाऊन बसल्या.

ब्रॅम्बल नावाची काळी, काटेरी झुडपांवरची फळे सप्टेंबरअखेरपर्यंत किनाऱ्याच्या पायवाटांवर भरपूर मिळतात. अम्मींनी त्यांना पहिल्याच दिवशी 'इथली करवंदे' म्हणून टाकले. कोणाच्या शेताच्या कडेने जाताना त्या बिचकत. पण स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने प्रत्येकाला बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालत जाण्याचा हक्क दिला आहे. पीक तुडवायचे नाही, फाटक उघडले तर पुन्हा लावायचे, लोकांच्या अंगणात शिरायचे नाही. इंग्लंडमध्ये एवढी मोकळीक नाही. किनाऱ्याकाठी चालताना हा कायदा आम्हाला दर आठवड्याला आठवतो.

ॲबर्डीनला आम्ही एका जुम्म्याला गेलो. समुद्रकिनारी वारा असा की टोपी हाताने धरावी लागते. तिथल्या क्राऊन टेरेसवर सेंट जॉन्स नावाचे चर्च आहे आणि त्याच्या लगत एक लहान मशीद. मशिदीत जागा पुरत नसे, तेव्हा लोक बाहेर थंडीत फुटपाथवर नमाज पढत. २०१३ मध्ये चर्चच्या धर्मगुरूंनी, जे स्वतः दक्षिण भारतात वाढलेले, चर्चचे दार त्यांच्यासाठी उघडले. जगभरच्या वर्तमानपत्रांत तेव्हा ही बातमी आली होती. काही लोकांनी धर्मगुरूंवर टीकाही केली. आम्हाला या गोष्टीतली सर्वांत मोठी बाब वाटते ती अशी की त्यांनी चर्चासत्र भरवले नाही, शेजारी थंडीत कुडकुडताना दिसले आणि दार उघडले. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पावसात आपल्या पडवीत कोण बसला हे आपण कधी विचारले का?"

आयमथला जायचे आम्ही बरेच दिवस पुढे ढकलत होतो. डंडीहून दोन-अडीच तास, एडिनबरा ओलांडून थेट इंग्लंडच्या सीमेजवळ. हे लहानसे मासेमारी बंदर आहे. १४ ऑक्टोबर १८८१ हा शुक्रवार होता. काही दिवस हवा खराब असल्याने होड्या बंदरात अडकल्या होत्या, घरात पैसा नव्हता. त्या सकाळी समुद्र शांत, ऊन पडलेले. वायुभारमापकातला पारा मात्र फार खाली होता. होड्या निघाल्या. दुपारच्या सुमारास अचानक अंधारून आले आणि वादळ फुटले. या किनाऱ्यावरचे १८९ कोळी त्या दिवशी बुडाले, त्यातले १२९ एकट्या आयमथचे. काही होड्या बंदराच्या तोंडाशी येऊन खडकांवर फुटल्या, बायका-मुले धक्क्यावरून पाहत असताना. आज समुद्राकाठी त्या बायका-मुलांच्या ब्राँझच्या छोट्या मूर्ती आहेत. त्या सगळ्या समुद्राकडे पाहताहेत, कोणी कोणाला धरून, कोणाच्या कडेवर मूल.

अम्मी त्या मूर्तींसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलांना 'रामदास' बोटीची गोष्ट सांगितली. आमच्या पिढीने ती ऐकली होती, मुलांनी नाही. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट, पावसाळ्याचा समुद्र, बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. रमजान दोन दिवसांवर आला होता, कितीतरी लोक घरी निघाले होते. अम्मींच्या आईचा सख्खा भाऊ त्यात होता. अम्मींचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या घरी पुढे कित्येक वर्षे त्या दिवशी चूल उशिरा पेटे. "नानी दरवाजात बसायची," अम्मी म्हणाल्या. "मय्यत सापडली नाही ना. मग दरवाजा लावायचा कसा?"

धाकट्याने एका मूर्तीच्या हातावर हात ठेवला. मोठीने विचारले, "दादी, तुम्ही पण अशाच बसायच्या? दादा बोटीवर असताना?"

"मी काम करायची," अम्मी म्हणाल्या. "तुझे अब्बा लहान होते, विहीर लांब होती. बसायला वेळ कुणाला. रात्री मात्र ऐकत असायची वारा कुठून येतो ते." मग थोडे थांबून, "आता गावात वाऱ्याकडे कान देत नाही. बोटीवर कोणी नाही."

परतताना गाडीत कोणी फार बोलले नाही. मोठीने मागच्या सीटवरून एवढेच विचारले की दादी गावी गेल्यावर रात्री त्यांच्याजवळ कोण असते. आम्ही जे खरे तेच सांगितले. शेजारची भाची रात्री झोपायला येते, पण तिचे लग्न ठरले आहे, येत्या ईदनंतर ती सासरी जाईल.

त्यानंतरच्या शनिवारी सेंट ॲब्जच्या कड्यावर गेलो. नोव्हेंबरात करड्या सील माद्या तिथे खाली गोट्यांच्या किनाऱ्यावर पिल्ले देतात, पांढऱ्या लोकरीची. वरून पाहायचे, खाली उतरायचे नाही. माणूस जवळ आला तर मादी पिल्लू सोडून जाऊ शकते. मादी तीनेक आठवडे पिल्लाला पाजते, त्या काळात स्वतः जवळजवळ काही खात नाही, आणि मग एक दिवस समुद्रात निघून जाते. पिल्लू भुकेने पाण्यात उतरेपर्यंत तिथेच पडून राहते. मुलांना हे ऐकून वाईट वाटले. अम्मींनी मात्र दुर्बीण डोळ्यांना लावली ती बराच वेळ खाली केली नाही.

रात्री इशानंतर त्या म्हणाल्या, "तिकडे वकिलाला विचारून बघा, जास्त राहायचे असेल तर कसे करतात. मी हो म्हणत नाही अजून. नुसते विचारा." सोमवारी सकाळी आम्ही फोन केला. कागदांची यादी बरीच लांब आहे, आणि वकिलाने खात्री कसलीच दिली नाही. त्यातला एक दाखला गावच्या ग्रामपंचायतीकडून आणायचा आहे. भाचीला कळवले आहे, ती या आठवड्यात जाऊन येईल.